एका दीर्घिकेची अनेक नावं

"मॅडम, संदर्भ मिळत नाहीत एवढं लिहून द्या. मग सर प्रकल्पाचा विषय बदलून देतील." एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी दुपारी ग्रंथालयात माझ्या टेबलापाशी उभी होती. विषय होता एम८७ या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघणारा झोत आणि रेडिओ लहरींतून झालेला त्याचा अभ्यास. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र जाहीर झालं, ते याच दीर्घिकेतलं. तेव्हा ही शाळेत होती आणि पेपरातलं ते चित्र तिने कापून ठेवलं होतं. विषय तिनेच सरांकडून हट्टाने मागून घेतलेला. असं मूल विषय सोडून जातंय म्हटल्यावर मला नुसता शेरा लिहून देववेना.

खुर्ची ओढून बस म्हटलं, आणि आतापर्यंत कसं शोधलंस ते दाखव. तिने 'एम८७ ब्लॅक होल' असं टाकलं. बातम्या, व्हिडिओ, पुन्हा बातम्या. कामाचा एक शोधनिबंध सापडला, तर प्रकाशकाच्या पानावर डॉलरमधली किंमत. आमच्याकडे एन-लिस्टचा, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणाऱ्या योजनेचा, पासवर्ड सगळ्या मुलांना मिळतो, पण आपल्या विषयासाठी त्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही. पासवर्ड वाटले की ग्रंथालयाचं काम संपलं, हे मला कधीच पटलेलं नाही.

खगोलशास्त्राच्या मुलांचं एका बाबतीत नशीब चांगलं आहे. त्यांच्या विषयाची सगळ्यात मोठी शोधसूची फुकट आहे. एडीएस म्हणतात तिला. पैसा नासाचा आणि काम चालतं हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या खगोलभौतिकी केंद्रातून. पासवर्ड नाही, वर्गणी नाही. पण मी तिला आधी तिथे नेलं नाही. आधी सिम्बाद उघडलं. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या केंद्राची ही सूची निबंधांची नाही, आकाशातल्या वस्तूंची आहे. एम८७ टाकलं आणि पान खाली सरकवलं. नावांची लांबलचक यादी आली: एनजीसी ४४८६, व्हर्गो ए, ३सी २७४ आणि अशी कितीतरी.

"ही सगळी एकच?" तिने विचारलं.

एकच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएने १७८१ मध्ये तिला आपल्या यादीत ८७ वा क्रमांक दिला. १८८८ च्या एनजीसी सूचीत ती ४४८६ झाली. पुढे रेडिओ दुर्बिणी आल्या. कन्या राशीतला सर्वांत प्रखर रेडिओ स्रोत म्हणून तिला व्हर्गो ए म्हणू लागले, आणि केंब्रिजच्या रेडिओ स्रोतांच्या तिसऱ्या सूचीत तीच ३सी २७४. व्हर्गो ए म्हणजेच एम८७, ही ओळख बोल्टन, स्टॅनली आणि स्ली यांनी १९४९ मध्ये मांडली. म्हणजे हिला हवं असलेलं रेडिओचं जुनं काम बरंचसं दुसऱ्याच नावांखाली होतं, आणि ती बिचारी एकाच नावाला धरून बसली होती.

मग एडीएस. तिथे वस्तूवरून शोध घेता येतो. एक नाव दिलं की बाकीच्या नावांखालचे निबंधही येतात. ढीगच आला. झोत आणि रेडिओ हे शब्द जोडले, तज्ज्ञांनी तपासलेलेच ठेवले, आणि ज्यांचा आधार इतरांनी सर्वांत जास्त घेतला ते वर आणले. एखादा निबंध उघडला की त्याने कोणाचा आधार घेतला आणि पुढे त्याचा आधार कोणी घेतला, अशा दोन याद्या मिळतात. या दोन याद्या नीट वापरता आल्या की निम्मा प्रकल्प झाला, असं मी मुलांना नेहमी सांगते. प्रत्येक निबंधाचा १९ अक्षरांचा संकेतही तिला दाखवला: आधी साल, मग नियतकालिक, खंड, पान, आणि शेवटी पहिल्या लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर. तो वहीत टिपला की निबंध पुन्हा हरवत नाही.

मागे मागे जात आम्ही बाडे आणि मिन्कोव्स्की यांच्या १९५४ च्या निबंधापर्यंत पोचलो. छापील पानं स्कॅन करून ठेवलेली, सगळ्यांना खुली. माझा पाच वाजताचा चहा गार झाला, पण ती उठेना. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, कर्टिसने लिक वेधशाळेच्या छायाचित्रांत या दीर्घिकेच्या गाभ्यातून निघालेला एक सरळ किरण नोंदवून ठेवला होता. हाच तो झोत. तो काय आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि तो डॉलरवाला निबंध? एडीएसवर त्याच्या नोंदीशेजारीच आर्काइव्हचा दुवा होता. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून आपलं लेखन तिथे खुलं ठेवत आले आहेत. मिनिटाभरात पीडीएफ उतरली.

शेवटी मी अलाद्दिन उघडलं, म्हणजे स्ट्रासबुर्गचाच आकाशाचा नकाशा, आणि त्यावर १५० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींतलं एक सर्वेक्षण लावलं. मधोमध ठसठशीत तेजस्वी डाग. हे कुठून टिपलंय, असं तिला विचारलं. अमेरिका, ती म्हणाली. "अगं, खोडद! नारायणगावजवळचं." तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना विज्ञान दिनाला ती स्वतः पाहून आली होती. जवळजवळ ९० टक्के आकाश त्यांनी या सर्वेक्षणात टिपलंय आणि ते सगळ्यांना खुलं आहे, हे मात्र तिला तिथे कळलं नव्हतं.

शेरा लिहायचा राहिला तो राहिलाच. प्रकल्पाच्या पहिल्या प्रकरणात तिने १९१८ ते २०१९ असा झोताच्या निरीक्षणांचा इतिहास घेतला. सरांनी तो वाचून आणखी दोघांना माझ्याकडे पाठवलं. त्यातल्या एकाला बदलत्या तेजाचे तारे हवे आहेत, म्हणून सध्या आम्ही व्हिझिएर या स्ट्रासबुर्गच्याच संग्रहातल्या सूच्या चाळतोय.