चालतं हॉटेल घेताय? इसार देण्याआधी वकील गाठा

गल्ला, गिऱ्हाईक, भटारखाना सगळं बघून होतं. कागद मात्र इसार दिल्यावर उघडले जातात. तिथेच गोची होते.

जीएसटी कायद्याचं कलम ८५ बघा. धंदा विकत घेतला की विक्रीच्या दिवसापर्यंतचा थकलेला कर, व्याज आणि दंड यांची जबाबदारी जुन्या मालकाबरोबर तुमच्यावरही येते. मागणी विक्रीनंतर निघाली तरी. करारात ‘जुनी देणी विकणाऱ्याची’ असं लिहिलं म्हणून जीएसटी खातं तुम्हाला सोडत नाही. त्या ओळीवर फक्त विकणाऱ्याकडून वसुली करता येते, तीही तो सापडला तर! म्हणून चांगला वकील किमतीतला काही भाग विवरणपत्रं आणि नोटिसा तपासून होईपर्यंत रोखून ठेवायची अट घालतो. पीएफची थकबाकीही तो त्यातच धरतो.

दुसरी मेख जागेची. गाळा भाड्याचा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २६नुसार, करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूला हक्क परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. घरमालकाची संमती लेखीच घ्या.

अन्न परवानाही विक्रीबरोबर येत नाही; स्वतःच्या नावाने नवा काढावा लागतो.

आणि वकील तुमचाच हवा, दलालाने आणलेला नको.