टीव्हीची पाठ

टीव्ही घेताना सगळे त्याचं तोंड बघतात. टीव्हीत खोचून इंटरनेटवरचे सिनेमे-मालिका दाखवणारी स्टिक घेताना मात्र पाठ बघावी लागते, आणि ती दिसण्याचा योग एरवी दिवाळीच्या साफसफाईलाच येतो. मोबाइलचा टॉर्च लावून, जळमटं बाजूला करून आधी ती नीट वाचावी. दुकानाची पायरी त्यानंतर.

स्टिक खोचायची ती एचडीएमआयच्या चपट्या भोकात. तिथे फक्त लाल-पांढरी-पिवळी, म्हणजे जुनी एव्ही भोकं असतील, तर कन्व्हर्टर लागतो. इथे हमखास फसगत होते. एचडीएमआयमधून एव्हीत नेणारी डबी आणि एव्हीतून एचडीएमआयत नेणारी डबी दिसायला जुळ्या बहिणी, पण एक दुसरीचं काम करत नाही. आपल्याला पहिली हवी. ती लावूनही चित्र ५७६ ओळींचंच येतं आणि सबटायटल्स चष्मा काढून बघितल्यासारखी दिसतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो टीव्ही आजोबांच्या बातम्यांना ठेवलेला बरा.

एचडीएमआयची भोकं असली तरी ती सगळी सारखी नसतात. ज्याच्याशेजारी एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय ते साउंडबारसाठी राखून ठेवावं. फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या टीव्हीत स्टिक लावलेल्या भोकापुरतं एचडीएमआयचं सिग्नल सेटिंग बऱ्याचदा वाढवावं लागतं. काही जुन्या फोरके टीव्हींत एखाददुसऱ्याच भोकाला एचडीसीपी २.२, म्हणजे फोरके सिनेमांना लागणारं चोरीविरोधी कुलूप असतं. स्टिक भलत्या ठिकाणी खोचली, तर फोरकेचे पैसे भरून फुल एचडी बघत बसायचं. कुणाच्या लक्षातही येत नाही, हीच गंमत.

बत्तीस इंची एचडी रेडी टीव्हीत १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. फोरके चित्रात सुमारे ८३ लाख. आठातले सात ठिपके वाटेतच गळणार. म्हणजे साधी, फुल एचडीची स्टिक पुरे, असं गणित सांगतं. पण साध्या स्टिकमध्ये बहुधा १ जीबी रॅम असते, फोरकेवालीत २ जीबी, आणि दोन-तीन वर्षांनी ॲप जड झाली की रडते ती साधीच. त्यामुळे फरकाचे पैसे झेपत असतील, तर लहान टीव्हीलाही फोरकेच घ्यावी. चित्रासाठी नाही, बटण दाबल्यावर लगेच हलावी म्हणून. ॲप साठवायची जागा वेगळी: ८ जीबीच्या स्टिकमध्ये आपल्या वाट्याला साधारण ५ जीबी येतात. ती भरली की मंदपणा सुरू होतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपची कॅश (तात्पुरता साठा) पुसली की तात्पुरतं बरं वाटतं.

आता विजेचं. टीव्हीच्या पाठीवर यूएसबीचं भोक दिसतं आणि हात शिवशिवतात: वायर तिथेच खोचली की भिंतीवरचा प्लग वाचला! साधं यूएसबी २.० भोक नियमाने ०.५ अँपिअर देतं, स्टिकचा ॲडॅप्टर मात्र ५ व्होल्ट, १ अँपिअरचा असतो. गाणं चालू असताना निभतं. फोरके सिनेमा लावला, वायफायने जोर घेतला की स्टिक दम तोडते आणि लोगो दाखवत पुन्हा उठते. लोक शिव्या घालतात इंटरनेटला. शिवाय टीव्ही बंद केला की बऱ्याचदा यूएसबीही बंद पडतं, म्हणजे रोज संध्याकाळी स्टिकचा नव्याने जन्म. खोक्यातला ॲडॅप्टरच वापरावा, त्यासाठी स्पाइक बस्टर आणावा लागला तरी.

खोक्यात बोटभर एचडीएमआय एक्स्टेंडर मिळत असेल, तर तो 'उगाच दिलाय' म्हणून खणात टाकू नये. भिंतीला टांगलेल्या टीव्हीमागे स्टिक मावत नाही. मावली तरी टीव्हीचा पत्रा वायफाय अडवतो. एक्स्टेंडरने ती जरा बाहेर लोंबकळली की सिग्नल सुधारतो. राउटर त्याच खोलीत असेल तर वायफायचा ५ गीगाहर्ट्झचा पट्टा, मध्ये दोन भिंती असतील तर २.४. वेग फार लागत नाही. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ आणि फोरकेला १५ एमबीपीएस सांगतं.

६४ जीबीच्या बढाया मारणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या स्वस्त बॉक्सच्या नादी लागू नये. प्रमाणित नसलेल्या यंत्राला मोठी ॲप बहुधा ४८०पीच्या, म्हणजे डीव्हीडीइतक्या चित्राच्या वर चढू देत नाहीत, आणि काहींत कारखान्यातूनच व्हायरस आलेला असतो. एफबीआयने जून २०२५मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुना, रिमोट नसलेला, मोबाइलवरून चालवायचा गूगलचा क्रोमकास्टही स्वस्तात मिळतो. त्यावर सिनेमा लावणारा मोबाइल घेऊन भाजी आणायला गेला, की मागच्यांनी थांबवायचं कसं?

रिमोटची एक खोड राहिली. टीव्हीत एचडीएमआय-सीईसी नावाची, जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी सोय असते. सॅमसंगमध्ये तिला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक. तिच्यामुळे स्टिकचं होम बटण दाबताच टीव्ही आपोआप स्टिकवर येतो. सेट टॉप बॉक्सवर रात्रीची मालिका चालू आहे, तीतल्या सासूबाई दाराच्या कडीला हात घालतायत, आणि सोफ्यावर कुणीतरी स्टिकच्या रिमोटवर बसतं. कडी उघडायच्या आत पडद्यावर ॲपच्या चौकटी. सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करता येते. नाहीतर साडेसात ते दहा रिमोट शोकेसवर ठेवावा.