टँकमध्ये किती जण असतात?

सुट्टीवर आलो की एक प्रश्न ठरलेला. काका विचारतात, शाळेतले मित्र विचारतात, सलूनमध्ये दाढी करतानासुद्धा विचारतात: "फौजी माणूस तू, नगरच्या टँक म्युझियममध्ये रडलास म्हणे?" हो, रडलो. दाजींनी गावभर केलंच आहे, आता लपवून काय उपयोग! तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

नगर, कागदोपत्री आताचं अहिल्यानगर, मला नवं नाही. आर्मर्ड कोअरचं, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाचं, सेंटर तिथलंच, माझी रिक्रूटी तिथेच गेली. 1994 साली सुरू झालेलं ते म्युझियम तेव्हाच पाहिलं होतं. आउटपासवर आठ-दहा जण गेलो, पॅटन टँकपुढे दंड फुगवून फोटो काढले आणि सिनेमाला पळालो.

गेल्या वर्षी बहीण, दाजी आणि सात वर्षांच्या भाच्याला घेऊन पुन्हा गेलो. मधल्या काळात मी टी-72 टँकचा ड्रायव्हर झालो होतो. त्यात आम्ही तिघंच: कमांडर, गनर, ड्रायव्हर. गोळा भरायचं काम मशीन करतं. ड्रायव्हर पुढे एकटा, तोफेखाली. झाकण लावलं की पेरिस्कोपमधून दिसेल तेवढंच जग. आणि तोफेची नळी नेमकी झाकणावर येऊन थांबली तर वरून निघता येत नाही, सीटमागे तळाला छोटं दार असतं, तिथून सरपटावं लागतं. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

भाचा सेंच्युरियन टँकपाशी थांबला. त्याला टँक कमांडर अरुण खेत्रपालांची गोष्ट पाठ. 16 डिसेंबर 1971, पाकिस्तानशी बसंतरची लढाई, पूना हॉर्स रेजिमेंट. टँक पेटलेला, वायरलेसवर 'टँक सोड' असा हुकूम, आणि त्यांचं उत्तर, माझी तोफ अजून चालतेय, मी टँक सोडणार नाही. वय 21. कमिशन मिळून जेमतेम सहा महिने, नगरचा कोर्स अर्धा टाकून रेजिमेंटकडे गेलेले. मरणोत्तर परमवीर चक्र. पोराने एका दमात सगळं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "मामा, खेत्रपाल साहेब वर. मग तू असतास तर कुठे बसला असतास?"

सेंच्युरियनचा ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो. ती जागा दाखवायला हात वर केला आणि तो तिथेच राहिला.

ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये किती वेळा ऐकली असेल! दर वेळी अंगावर काटा यायचा, आणि दर वेळी मनातल्या मनात मीच कमांडर असायचो. सगळ्यांचं तसंच होत असावं, गोष्ट सांगतातच तशी. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या सीटवर जाऊन बसलो. सेंच्युरियनमध्ये चौघं असतात. 'सोडणार नाही' म्हणणारा एक. बाकी तिघांना त्याच्याबरोबर तिथेच थांबायचं होतं. ड्रायव्हरला मागची आग दिसत नाही, धूर आणि धग तेवढी कळते. पायाखाली ॲक्सिलरेटर, हातात गिअर. साहेब म्हणतील तेव्हा पुढे, म्हणतील तेव्हा थांब.

माझा पाय तिथेच टिकला असता का? या प्रश्नाने रडू आलं. लोक म्हणतात अभिमानाने आलं. अभिमान होता, नाही कशाला म्हणू, पण भीती जास्त होती. शेजारी एक कुटुंब सेल्फी काढत होतं, त्यांनी जरा बाजूला व्हा म्हटलं. झालो.

युनिटमध्ये परतल्यावर उस्तादांना, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांना, विचारलं, त्या टँकचा ड्रायव्हर कोण होता? त्यांना तोंडपाठ होतं. ड्रायव्हर सवार (आमच्यात शिपायाला सवार म्हणतात) प्रयाग सिंग. गनर सवार नत्थू सिंग. वायरलेस सांभाळणारा सवार नंद सिंग, तोही त्याच दिवशी गेला. दोघं वाचले. तो टँकही वाचला, फामागुस्ता त्याचं नाव, नगरच्या सेंटरमध्येच जपून ठेवलाय. रिक्रूट असताना त्याच्यावरून कितीदा नजर फिरली असेल, पुढच्या सीटकडे कधी बघितलं नाही.

भाच्याला फोनवर तिन्ही नावं सांगितली, त्याने वहीत लिहून घेतली. या सुट्टीत जेवताना म्हणतो, "मामा, टँक पेटला तर ड्रायव्हर बाहेर कसा येतो?"

आई भाकरी वाढत होती.

"झाकण उघडून," म्हटलं.