क्लचच्या तक्रारीवर आज गाडीच्या कंपनीचं उत्तर आलं

‘हा उत्पादनातला दोष नाही, चालवण्याच्या पद्धतीमुळे झालेली झीज आहे.’ बस्स, एवढंच. अकरा महिन्यांची गाडी, पाच वेळा वर्कशॉपला, दर वेळी तोच क्लच! कात्रजच्या चढावर गाडी मागे सरकली तेव्हा आई शेजारी बसली होती. अजून अंगावर काटा येतो.

दुपारी रडूच आलं. मग फाइल काढून पाचही जॉबकार्डं (वर्कशॉपमध्ये तक्रार नोंदवतात ते कागद) तारखेप्रमाणे लावली. तिसऱ्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरनेच निळ्या पेनने लिहिलंय, ‘क्लच स्लिप, तक्रार पुन्हा.’ हाच माझा पुरावा. जॉबकार्डावर नुसतं ‘जनरल चेकअप’ असेल तर सही करू नका, तक्रार नीट लिहून घ्या.

उद्या कंपनी आणि डीलर दोघांनाही नोटीस पाठवतेय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीच आहे. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, २ वर्षांच्या आत. साडेआठ लाखांच्या गाडीला फी फक्त २०० रुपये! गरज पडली तर आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो, हे वाचून जिवात जीव आला.

कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा. परवा दवाखान्यात जायला आईने रिक्षा सांगून ठेवलीय.