ठिपके स्थिर, सूर मात्र खाली

“ही गायिका काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात गाते. आणि हे यंत्र तिला पांढरी चारच्याही जरा खाली ओढतंय.” बाईंची तक्रार एवढीच होती. त्या गाणं शिकवतात, त्यामुळे सुराबद्दल त्या बोलल्या की मी आधी ऐकून घेतो.

रेकॉर्ड प्लेयर नातेवाइकांनी अमेरिकेतून पाठवलेला होता आणि सोबत २३० व्होल्टचे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर. माझ्याकडे येण्याआधी तो दोन ठिकाणी दाखवून झाला होता. एकाने आयडलर, म्हणजे मोटरची पुली आणि प्लॅटरची (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीची) आतली कड या दोन्हींना टेकून फिरणारं रबरी चाक, नवीन बसवलं. दुसऱ्याने जुनं ग्रीस काढून बेअरिंगला तेल दिलं. दोघांनीही प्लॅटरच्या कडेवरचे वेग तपासायचे ठिपके दाखवून सांगितलं, “बाई, वेग बरोबर आहे, रेकॉर्डच तशी असेल.”

मीही निऑनच्या उजेडात ते ठिपके पाहिले. खरोखर जागच्या जागी उभे होते. ठिपके स्थिर म्हणजे वेग अचूक, असंच आम्ही सगळे शिकलेलो आहोत.

मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. रबर कडक झालं, तेल सुकलं किंवा आयडलर घसरायला लागला, तर प्लेयर मंद होतो खरा, पण तो एकसारखा मंद राहत नाही. लांबवलेला स्वर हलतो, मोटर तापली की वेग बदलतो. इथे रेकॉर्डवरचा षड्ज अगदी सरळ रेषेत उभा होता. खालचा, पण निर्मळ. झिजलेल्या यंत्राकडून इतकी शिस्तशीर चूक होत नाही.

मग लेबलवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ३३⅓ हवे होते, अठ्ठावीसही पुरे भरले नाहीत. मंद यंत्रावर ठिपके स्थिर कसे? कडेभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, त्यावर खुणा केल्या आणि ३३च्या ओळीतले ठिपके मोजले. २१६. तिथेच सगळं उलगडलं.

निऑनचा दिवा विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा लुकलुकतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२० वेळा. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६०ची. दोन लुकलुकींच्या मध्ये प्लॅटर बरोबर एक ठिपका पुढे सरकला की ठिपके थांबल्यासारखे दिसतात. ३३⅓ फेऱ्यांसाठी ५० हर्ट्झला १८० ठिपके लागतात, ६० हर्ट्झला २१६. या प्लेयरवर ३३साठी फक्त ६० हर्ट्झची ओळ होती. २१६ ठिपके ५० हर्ट्झच्या दिव्याखाली कधी स्थिर दिसतील? मिनिटाला २७.८ फेऱ्यांवर. आणि मोटर सिंक्रोनस, म्हणजे तिचा वेगही विजेच्या हर्ट्झला बांधलेला. ६० हर्ट्झवर मिनिटाला १८०० फेरे, ५०वर १५००. मोटर आणि मोजपट्टी दोन्ही एकाच प्रमाणात मंदावली होती, म्हणून दोघींची साक्ष जुळत होती. वेग पाच षष्ठांश झाला की सूर पेटीच्या तीन पट्ट्यांहून थोडा जास्त उतरतो. बाईंनी सांगितलं होतं तंतोतंत तेवढाच.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, पण समोर यंत्र सुरळीत फिरताना दिसलं की आठवत नाही. आधीच्या दोघांना मी दोष देणार नाही. त्यांनी केलेली कामं नीट होती. पण आयडलर कितीही बदला, त्याच्या व्यासाचा वेगावर परिणामच होत नाही, तो गणितातून कटून जातो. उरतात दोनच मापं: पुलीचा व्यास आणि प्लॅटरच्या कडेचा आतला व्यास. वेग किंचित कमी-जास्त करायच्या पिच कंट्रोलचा हात तीन टक्क्यांपर्यंतच पोचतो, आणि इथे वीस टक्के वाढवायचे होते.

प्लॅटरची कड आतून २७० मिमी भरली, ३३ची पुली ५ मिमी. हवी होती ६. ओळखीच्या टर्नरकडून पितळेची नवी पुली करून घेतली, ४५ आणि ७८ फेऱ्यांच्या वेगांसाठी पुलीवर असलेल्या पायऱ्याही त्याच हिशोबाने. हे काम मला मनापासून आवडलं. ०.०६ मिमीचा फरक म्हणजे वेगात एक टक्का, म्हणून पुली किंचित जाड ठेवून हलक्या हाताने उतरवत आणली. भोक मध्यापासून जरा जरी सरकलं असतं तर आवाजाला थरथर आली असती. मोटरही तापत होती. ६० हर्ट्झची मोटर ५०वर त्याच व्होल्टला चालवली की तिच्यातलं चुंबकत्व वाढतं, म्हणून १२०ऐवजी १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर लावला. ती निवली.

बाईंनी पेटी सोबत आणली होती. काळी चार दाबून धरली, रेकॉर्ड सुरू केली, आणि काही न बोलता पूर्ण बाजू ऐकली.

नंतर प्लॅटरवरचे ठिपके पुढे धावताना पाहून त्या चपापल्या. योग्य वेगाला ते आता असेच धावणार. त्यांना १८० रेघांची कागदी चकती छापून दिली आहे, वेग तपासायचा तो तिच्यावर. ७८ची पायरी तयार आहे, पण त्या वेगाच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डी अजून लावू दिलेल्या नाहीत. त्यांची खाच रुंद असते, एलपीची (३३च्या रेकॉर्डची) पिन तळाशी घासत जाते. जाड टोकाची पिन मागवली आहे. आणि लाखेच्या रेकॉर्डींना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते, हे मी त्यांच्या पिशवीवर चिकटवून दिलं.