ओबर्लिनमधला रविवार

बाबांची परत जायची तारीख जवळ आली. नायगारा बघून झाला. आता कुठे जायचं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जोतिरावांनी 'गुलामगिरी' ज्यांना अर्पण केली, त्या लोकांचं एखादं गाव इथे जवळपास आहे का गं?"

बाबा आयुष्यभर शाळामास्तर. १८७३ ची ती अर्पणपत्रिका त्यांना पाठ आहे. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती आहे. आमच्या क्लीव्हलँडहून ओबर्लिन पाऊण तासावर. आज सकाळी निघालो.

गाव एवढंसं. मधोमध टॅपन स्क्वेअर नावाचं मोठं मैदान, भोवती कॉलेज आणि दुकानांची एक ओळ. गाव आणि कॉलेज दोन्ही १८३३ सालचे. १८३५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडलं, १८३७ मध्ये चार मुलींना पुरुषांच्याच पदवी अभ्यासक्रमात घेतलं. त्यातल्या तिघी १८४१ मध्ये पदवीधर झाल्या. "म्हणजे भिडेवाड्याच्या सात वर्षं आधी," बाबांनी लगेच हिशोब केला. मैदानातली १९०३ सालची कमान देखणी आहे, पण तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही.

टॅल्कॉट हॉलसमोर मात्र बराच वेळ उभे होतो. तिथे हिरवळीतून रेल्वेचे रूळ निघतात आणि स्लीपरसकट तिरके वर उठून आभाळाकडे जातात. १९७७ मध्ये एका विद्यार्थ्याने केलेलं हे शिल्प. दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना घराघरांत लपवत कॅनडाकडे पोचवणाऱ्या साखळीला 'भूमिगत रेल्वे' म्हणत. गाडी नव्हती, रूळ नव्हते, रात्री दार उघडणारी माणसं होती.

मी बाबांना जॉन प्राइसची गोष्ट सांगितली. केंटकीतून पळून तो इथे राहिला होता. १३ सप्टेंबर १८५८ ला बटाटे काढायचं काम आहे असं सांगून एका पोराने त्याला गावाबाहेर नेलं आणि गुलाम पकडणाऱ्यांच्या हाती दिलं. त्याला वेलिंग्टनच्या हॉटेलात कोंडलं. बातमी कळताच ओबर्लिनची माणसं, गोरी नि काळी, मिळेल त्या वाहनाने धावली आणि त्याला सोडवून आणलं. पुढे कॉलेजचे अध्यक्ष झालेल्या फेअरचाइल्ड यांच्या घरात तो लपला, मग कॅनडाला गेला. सदतीस जणांवर खटला भरला गेला. बाबा म्हणाले, "पळालेल्या माणसाला आसरा देणं कायद्याने गुन्हा, तरी अख्खं गाव गेलं!"

शेवटी व्हाइन स्ट्रीटवरच्या छोट्या बागेत गेलो. तिथे दगडी स्मारक आहे. गुलामगिरी संपवायला शस्त्र उचललेल्या जॉन ब्राउनबरोबर १८५९ मध्ये हार्पर्स फेरीच्या उठावात गेलेल्या तिघांचं. कोपलँड सुतार, ओबर्लिनमध्ये शिकलेला, प्राइसला सोडवायलाही गेलेला. त्याला फाशी झाली. लिअरी घोड्यांचं चामडी सामान बनवायचा, तो लढतानाच्या जखमांनी गेला. तिसरा ग्रीन, त्यालाही फाशी. दगडावर त्यांना ओबर्लिनचे 'नागरिक' म्हटलंय. १८५७ मध्ये या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही. हे सांगितल्यावर बाबा पुन्हा दगडाजवळ गेले, त्या एका शब्दावरून बोट फिरवलं.

मग खिशातली डायरी काढून तिघांची नावं देवनागरीत उतरवून घ्यायला लागले. "लिअरी की लेरी गं?"

"लिअरी, बाबा."