शिष्यवृत्तीचा पैसा कुठं अडकला? एका अतारांकित प्रश्नाचा माझा अनुभव

लोकसभेच्या एका खासदार ताईंच्या कार्यालयात मी संशोधन सहायक आहे. अधिवेशन तोंडावर आलं की आमचं निम्मं काम म्हणजे प्रश्न लिहिणं. टीव्हीवर दिसतात ते तारांकित प्रश्न. दिवसाला 20, आणि त्यातलेही मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. अतारांकित मात्र रोज 230 पर्यंत लागतात. उत्तर लेखी, पूरक प्रश्नाला वाव नाही, म्हणून पुष्कळांना ते दुय्यम वाटतात. खर्चाचा माग काढायला मला तेच जास्त भरवशाचे वाटतात, कारण आकडे छापील तक्त्यात येतात आणि मंत्रालयाला नंतर नाकारता येत नाहीत.

मतदारसंघातली कॉलेजची मुलं शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून ताईंकडे आली होती. ताई म्हणाल्या, "भाषण नंतर करू. आधी पैसा कुठं अडकलाय ते विचार."

प्रश्न 150 शब्दांत बसवावा लागतो. आरोप, उपरोध, तर्क चालत नाहीत, मत विचारता येत नाही. हा नियम मला आवडतो. 1957 मध्ये एलआयसीनं उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर लोकसभेत आलेला पहिला प्रश्न साधा माहितीचाच होता. पुढं चौकशी झाली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना राजीनामा द्यावा लागला.

"मुलांना पैसे का मिळत नाहीत?" असं विचारलं की योजनेची थोरवी सांगणारं पानभर उत्तर येतं. म्हणून मी अर्थसंकल्पीय अंदाज (वर्षाच्या सुरुवातीची तरतूद), सुधारित अंदाज (वर्षाच्या ओघात बदललेली तरतूद) आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही वेगवेगळे मागितले. शिवाय राज्यनिहाय मंजूर किती, वितरित किती आणि प्रत्येक हप्ता कोणत्या तारखेला सुटला. तारीख मुद्दाम घातली. मार्चअखेर सुटलेला पैसा कागदावर त्याच वर्षाचा दिसतो, पण पोराला फी वर्षाच्या सुरुवातीलाच भरावी लागते.

प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यायची, मग कोणते प्रश्न लागणार त्याची सोडत. आमचा प्रश्न पहिल्यांदा सोडतीत मागं पडला. मंत्रालयांचे वार ठरलेले असल्यानं पुढच्या आठवड्याची वाट पाहिली.

तेव्हा उत्तर आलं. एकूण रकमा होत्या. तारखांपुढं मात्र "माहिती संकलित करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" एवढंच. बरेच जण इथं फाइल बंद करतात. पण हे वाक्य आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. त्यावर लक्ष ठेवायला 1953 पासून शासकीय आश्वासन समिती आहे. मुदत उलटल्यावर ताईंनी समितीला पत्र दिलं.

शेवटी विवरणपत्र पटलावर आलं. आमच्या राज्यापुढची तारीख मार्चची होती आणि शेऱ्याच्या रकान्यात कारणही: आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रं प्रलंबित. राज्य हिशेब देईना, म्हणून केंद्र पुढचा हप्ता सोडेना. त्या मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी मागणाऱ्या प्रस्तावांवर, सभागृहात चर्चाच झाली नाही. बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या अशाच, चर्चेविना मंजूर होतात. आमच्या हाती होता तो हा तक्ता.

तो जोडून ताईंनी राज्याच्या विभागाला पत्र लिहिलं. प्रमाणपत्रं दिल्लीला गेली, हप्ता सुटला. पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न लिहून तयार आहे: सुटलेल्या रकमेपैकी प्रत्यक्ष विद्यार्थ्यांच्या खात्यांत किती जमा झाली, आणि बँकांकडून किती परत आली.